विज्ञानाच्या तासाला मेट्रिक पद्धती कशी शिकवावी : अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विज्ञानाचा अभ्यासक्रम आखणारी मंडळे, पाठ्यपुस्तकांचे लेखक, प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक आणि विज्ञान शिकवणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

विज्ञानाच्या वर्गात मोजमाप मेट्रिक पद्धतीने करावे की नाही, हा वाद केव्हाच संपला आहे आणि तो उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. पत्र लिहिण्याचे कारण असे की, ही पद्धती आपण मोजमापाची पद्धती म्हणून शिकवतच नाही; रूपांतराचा तक्ता म्हणून शिकवतो. बहुतेक पाठ्यपुस्तकांत मोजमापाचा पाठ सुरुवातीलाच येतो. त्यात किलो, हेक्टो, डेका, डेसी, सेंटी, मिली अशी उतरंड असते, दशांशचिन्ह कोणत्या बाजूला किती घरे सरकवायचे याचा नियम असतो, आणि त्याखाली 3.75 किलोमीटर म्हणजे किती सेंटिमीटर, अशा जातीची उदाहरणे असतात. उत्तर 3,75,000 येते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. किलोमीटरांतले अंतर सेंटिमीटरांत कोणाला आणि कशासाठी हवे आहे, हे कोणी विचारत नाही. पाठ संपतो, चाचणी होते, आणि पुढे वर्षभर विद्यार्थ्याच्या हातात मोजपट्टी क्वचितच येते. माझी विनंती अशी की, रूपांतराला दिलेला हा वेळ प्रत्यक्ष मोजण्याला द्यावा आणि परीक्षेतले गुणही मोजण्यासाठीच ठेवावेत.

हे नुसते मत वाटू नये म्हणून एक प्रयोग जरा तपशिलाने मांडतो. त्याला महागडे साहित्य लागत नाही. ॲल्युमिनिअमचा एक आयताकृती ठोकळा घ्यावा, लांबी 3 सेंटिमीटर, रुंदी आणि उंची 2-2 सेंटिमीटर. विद्यार्थ्याने पट्टीने तिन्ही कडा मोजल्या की आकारमान 12 घन सेंटिमीटर येते. मग 250 मिलीलीटरच्या मोजपात्रात 150 च्या रेषेपर्यंत पाणी घेऊन ठोकळा दोऱ्याने अलगद आत सोडला की पाण्याची पातळी 162 वर जाते. पट्टीने काढलेले 12 आणि पाण्याने दाखवलेले 12 हे एकच, मध्ये कसलेही गुणक नाही, हे पाहून विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते तक्ता पाठ करून कधीच उमटत नाही. एक मिलीलीटर म्हणजे एक घन सेंटिमीटर, हे वाक्य त्याने पुस्तकात वाचलेले असते. ते खरे असते, याचा अनुभव त्याला इथे पहिल्यांदा येतो. इंचांच्या पट्टीने ठोकळा मोजून गॅलनच्या खुणा असलेल्या भांड्यात बुडवला असता, तर अमेरिकी गॅलन म्हणजे 231 घनइंच हा आकडा हाताशी असल्याशिवाय दोन्ही मोजमापांची गाठ पडली नसती. मेट्रिक पद्धतीचे खरे सामर्थ्य दहाच्या पटींत आहे असे आपण सांगतो, ते अर्धेच सांगणे आहे. लांबीवरून आकारमान, आकारमान आणि वस्तुमानावरून घनता, बल आणि अंतरावरून कार्य, अशी एकके एकमेकांतून सरळ निघत जातात आणि मध्ये कोणताही परका आकडा घुसत नाही, हे दुसरे अर्धे जास्त महत्त्वाचे आहे आणि ते नेमके तक्त्यात दिसत नाही. (हा मेळही आयता मिळालेला नाही. 1901 ते 1964 या काळात लीटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानावरून केलेली होती आणि त्यामुळे मिलीलीटर हा घन सेंटिमीटरपेक्षा दशलक्षांत सुमारे 28 भागांनी मोठा भरत होता.)

प्रयोग इथे थांबवू नये. तराजूवर ठोकळ्याचे वस्तुमान 32.4 ग्रॅम भरते. 12 ने भागले की घनता 2.7 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते, जी ॲल्युमिनिअमची पुस्तकातली घनता आहे. बहुतेक प्रयोगवह्यांत या टप्प्यावर चौकट आखून उत्तर लिहिले जाते. माझ्या मते खरा तास इथून सुरू व्हायला हवा. या मोजपात्रावरच्या खुणा 2-2 मिलीलीटरच्या अंतरावर असतात. पाण्याची पातळी वाचताना एका मिलीलीटरचा फरक पडला, तर आकारमान 11 किंवा 13 येईल आणि घनता 2.9 किंवा 2.5. विद्यार्थी लगेच म्हणतात की, मग पट्टीच बरी. आता पट्टीकडे वळावे. प्रत्येक कडेच्या मोजणीत अर्ध्या मिलीमीटरची चूक झाली, आणि तेवढी सहज होते, तर आकारमान एका टोकाला 11.2 आणि दुसऱ्या टोकाला 12.8 येते, घनता पुन्हा 2.9 पासून 2.5 पर्यंत. म्हणजे मिलीमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि हे मोजपात्र या कामासाठी जवळजवळ सारखीच ठरली. तराजूने ग्रॅमचा दहावा भाग अचूक दाखवला, त्याचा येथे काहीही उपयोग झाला नाही. आता व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे सरकत्या पट्टीचे बारीक मापक, हातात द्यावा; त्याचे लघुतम माप, म्हणजे त्याने मोजता येणारी सर्वांत लहान लांबी, 0.01 सेंटिमीटर आहे. तेवढीच चूक प्रत्येक कडेत धरली तरी घनता 2.66 आणि 2.74 यांच्या मध्ये राहते. व्हर्नियर कॅलिपर कशासाठी असतो, हे सांगण्यासाठी मग वेगळ्या परिच्छेदाची गरज राहत नाही, आणि गणकयंत्राने दाखवलेले आठ अंक वहीत उतरवून काढण्याची सवयही याच तासाला मोडते.

मेट्रिक एकक वापरले म्हणजे मोजमाप वैज्ञानिक झाले, असा एक समज आपल्या पुस्तकांमुळे पसरला आहे, तो या प्रयोगात आपोआप गळून पडतो. एकक आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंचांच्या चांगल्या सूक्ष्ममापीने घेतलेले माप सेंटिमीटरच्या झिजलेल्या पट्टीने घेतलेल्या मापापेक्षा कितीतरी विश्वासाचे असू शकते. वर्गातल्या कितीतरी पट्ट्यांची कड शून्यापाशी झिजलेली असते. अशा वेळी 1 च्या खुणेपासून मोजून शेवटी 1 वजा करावा, हे आपण प्रयोगशाळेत तोंडी सांगतो, पण पुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते आणि परीक्षेत तेवढीही जागा मिळत नाही. मोजपात्रातील पाण्याचा पृष्ठभाग काचेजवळ वर चढलेला आणि मध्ये खोलगट असतो; डोळा त्याच पातळीवर आणून खोलगट भागाचा तळ वाचायचा असतो. डोळा वर ठेवून पाहणाऱ्याला पाणी जास्त दिसते आणि खालून पाहणाऱ्याला कमी. हे दोन मिनिटांत दाखवता येते, मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः वाकून पाहिले तरच. चाळीस विद्यार्थ्यांमध्ये एक मोजपात्र असेल, तर शिक्षक वाचतो, फळ्यावर आकडा लिहितो आणि चाळीस वह्यांत एकच निरीक्षण उतरते. याला मोजमाप म्हणता येणार नाही, आणि याचा दोष शिक्षकावर टाकूनही चालणार नाही.

क्षेत्रफळ आणि आकारमानाच्या एककांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. एका चौरस मीटरमध्ये किती चौरस सेंटिमीटर असतात, असे विचारल्यावर तक्ता तोंडपाठ असलेला विद्यार्थी बेधडक 100 म्हणतो. जमिनीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस आखून त्यात 10 सेंटिमीटर बाजूचे पुठ्ठ्याचे चौकोन मांडायला लावले की एका ओळीत दहा आणि एकूण शंभर बसतात. त्यांतल्या प्रत्येकात पुन्हा शंभर चौरस सेंटिमीटर असतात, हे दिसल्यावर 10,000 हा आकडा पाठ करावा लागत नाही. घनाच्या बाबतीत 10,00,000 का येतात, हे तो मग स्वतःच सांगतो. रूपांतर शिकवूच नये, असे माझे म्हणणे नाही. मोजण्याच्या ओघात ते यावे. मोजण्याऐवजी येऊ नये.

आकड्याबरोबर एकक लिहिले नाही की अर्धा गुण कापतो, यापलीकडे एककाचे महत्त्व आपण विद्यार्थ्यांना क्वचितच पटवून देतो. यासाठी एक खरी घटना वर्गात गणित म्हणून सोडवून घेण्यासारखी आहे. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका बोइंग 767 विमानाचे इंधन सुमारे 12,500 मीटर उंचीवर असताना संपले. विमानातील इंधनमापक बंद असल्यामुळे टाक्यांतील इंधन पट्टीने मोजून पुढचा हिशेब हाताने करण्यात आला होता. प्रवासासाठी 22,300 किलोग्रॅम इंधन हवे होते आणि टाक्यांत 7,682 लीटर होते. लीटरांवरून वस्तुमान काढण्यासाठी हिशेब करणाऱ्यांनी 1.77 ने गुणले. हा आकडा चुकीचा नव्हता. तो एका लीटर इंधनाचे पौंडांतील वस्तुमान होता. किलोग्रॅमसाठी 0.803 हवे होते. विद्यार्थ्यांना दोन्ही आकड्यांनी हिशेब करू द्यावा : एका हिशेबाने सुमारे 20,100 लीटर भरायला हवे होते, दुसऱ्याने सुमारे 4,900 लीटर पुरेसे वाटले, आणि तेवढेच भरले गेले. वैमानिकांनी दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान गिम्ली येथील हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत आणून उतरवले आणि विमानातील सर्वजण वाचले. या घटनेचा अर्थ पौंड वाईट आणि किलोग्रॅम चांगला असा लावला, तर हातात काहीच पडत नाही. कागदावर नुसते 1.77 लिहिलेले होते. त्याच्यापुढे पौंड प्रति लीटर एवढे लिहिले असते, तर गुणाकाराचे उत्तर पौंडांत आले आहे हे हिशेब तपासणाऱ्या प्रत्येकाला दिसले असते. 1999 मध्ये मंगळाजवळ नष्ट झालेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या अमेरिकी अवकाशयानाची कथा आपण याच चुकीच्या अर्थाने सांगत असतो. तिथेही एका संगणकप्रणालीने पौंड-बल सेकंदांत दिलेले आकडे दुसऱ्या ठिकाणी न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले आणि मूल्य 4.45 पटींनी चुकले. म्हणून गणित सोडवताना शेवटी उत्तरापुढे एकक चिकटवण्याची पद्धत बंद करावी आणि पहिल्या पायरीपासून प्रत्येक आकड्याबरोबर एकक चालवावे, असा आग्रह पाठ्यपुस्तकांतील सोडवलेल्या उदाहरणांपासूनच धरावा. आज तीच उदाहरणे मधल्या पायऱ्यांत एकके गाळतात; मग विद्यार्थी गाळतो यात नवल नाही.

उपसर्गांच्या बाबतीत आपली निवड मला विचित्र वाटते. डेका आणि हेक्टो यांच्यावर आपण भरपूर शाई खर्च करतो. हवामानशास्त्रातील हेक्टोपास्कल आणि शेतजमिनीचे हेक्टर वगळले, तर पुढच्या इयत्तांत हे उपसर्ग फारसे भेटत नाहीत. ज्यांची गाठ रोज पडणार ते मायक्रो, नॅनो, मेगा, गिगा मात्र तक्त्याबाहेर राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी माणसाची तांबडी रक्तपेशी 7 ते 8 मायक्रोमीटर व्यासाची असते आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. विद्यार्थी एक मिलीमीटर म्हणजे किती हे डोळ्यांनी जाणत असेल, तर त्याचा हजारावा भाग तो कल्पनेत आणू शकतो. चिन्हांच्या लेखनाकडेही लक्ष द्यावे. रोमन लिपीतील लहान एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा. एका अक्षराच्या आकाराने मूल्य एक अब्ज पटींनी बदलते. तरीही फलकांवर आणि छापील प्रश्नपत्रिकांवरसुद्धा लहान-मोठ्या अक्षरांची सरमिसळ सर्रास दिसते.

अंदाज हा आपल्या अभ्यासक्रमात अगदी दुर्लक्षित राहिलेला भाग आहे. मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा आणि मग मोजावे, एवढ्या एका सवयीने एकके अंगवळणी पडतात. दाराची उंची साधारण दोन मीटर, करंगळीच्या नखाची रुंदी सेंटिमीटरच्या आसपास, शंभर ग्रॅमच्या वजनाला तानकाट्यावर (स्प्रिंगच्या काट्यावर) दिसणारे बल सुमारे एक न्यूटन. एक मीटर लांबीचा लंबक टांगला, तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला त्याला जवळजवळ एक सेकंद लागतो. अशा पाच-दहा खुणा मनात पक्क्या असलेला विद्यार्थी ॲल्युमिनिअमची घनता 27 आली तर थबकतो. नसलेला ती निमूट चौकटीत टाकतो. जो मेट्रिक एककांत अंदाज करू शकत नाही, तो परकी भाषा मनातल्या मनात भाषांतर करून बोलणाऱ्यासारखा नेहमी एक पाऊल मागे राहतो. म्हणूनच इंचांचे सेंटिमीटर आणि पौंडांचे किलोग्रॅम करण्याची उदाहरणे विज्ञानाच्या पुस्तकातून काढून टाकावीत, असे मला वाटते. एक इंच म्हणजे 25.4 मिलीमीटर, हे 1959 पासून ठरलेले गुणोत्तर एकदा सांगणे पुरेसे आहे. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खुणा असलेल्या पट्ट्याही प्रयोगशाळेतून हळूहळू काढाव्यात. पहिल्या काही प्रयोगांत चुकीच्या कडेवरून घेतलेली निरीक्षणे हमखास सापडतात.

या आग्रहाचे सोवळे मात्र होऊ नये. खगोलशास्त्रज्ञ 14,95,97,870.7 किलोमीटरचे खगोलीय एकक वापरतात, विमानांची उंची जगभर बहुतेक ठिकाणी फुटांत सांगितली जाते, आणि मिनिट व तास तर आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीने आपल्याबरोबर चालवून घेतले आहेतच. फ्रेंच क्रांतीच्या काळात दिवसाचे दहा तास करण्याचा 1793 मधला कायदा झाला होता आणि दोन वर्षांतच त्याची सक्ती थांबवावी लागली. विद्यार्थ्याने प्रकाशवर्ष लिहिले म्हणून त्याचा गुण कापणारा परीक्षक शिस्त शिकवत नाही, तो अडवणूक करतो.

इतिहास किती द्यावा, याबद्दलही सुचवायचे आहे. 20 मे 1875 रोजी 17 राष्ट्रांनी मीटर करारावर सह्या केल्या, हा दिनांक पाठ केल्याने कोणाचे मोजमाप सुधारत नाही. त्याऐवजी, डेलांब्र आणि मेशँ या दोघा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी 1792 पासून काही वर्षे डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजून त्यावरून मीटर ठरवण्यासाठी आकडे दिले आणि तरीही तो मीटर पृथ्वीच्या आकारावरून अपेक्षित असलेल्या लांबीपेक्षा (ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराच्या एक कोटीव्या भागापेक्षा) सुमारे 0.2 मिलीमीटरने आखूड भरला, हे सांगावे. चूक कशी राहते आणि तिच्यासह व्यवहार कसा चालतो, हे त्यातून कळते. किलोग्रॅमची व्याख्या प्लॅटिनम-इरिडिअमच्या वृत्तचितीवरून देणारी पुस्तके अजून वापरात असतील, तर ती दुरुस्त करावीत. मूळ वृत्तचिती आणि तिच्या प्रती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला होता, आणि 20 मे 2019 पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातील एका कधीही न बदलणाऱ्या मूल्यावर, आधारलेला आहे. मात्र तो स्थिरांक आठ दशांश स्थळांपर्यंत पाठ आहे का, असा प्रश्न खालच्या इयत्तांना कृपया काढू नये.

शेवटी परीक्षेबद्दल, कारण जे परीक्षेत नसते ते वर्गात टिकत नाही. प्रश्नपत्रिकेत तयार आकडे देण्याऐवजी मोजपात्राचे, तानकाट्याचे किंवा व्हर्नियरचे चित्र द्यावे आणि वाचन, लघुतम माप व संभाव्य चूक अशा तिन्ही गोष्टी विचाराव्यात. एकाच वस्तूची तीन विद्यार्थ्यांनी घेतलेली निरीक्षणे देऊन त्यांपैकी कोणते संशयास्पद आहे आणि का, असे विचारता येईल. प्रात्यक्षिक परीक्षेत पुस्तकातल्या उत्तराशी जुळणाऱ्या उत्तराला गुण देणे थांबवावे, 2.6 हे उत्तर प्रामाणिक निरीक्षणांतून आणि योग्य मर्यादेसह आले असेल, तर ते ढापलेल्या 2.70 पेक्षा वरचे मानावे. आज याच्या उलट घडते आणि त्यामुळे उत्तरावरून मागे जाऊन निरीक्षणे रचण्याची कला आपले विद्यार्थी फार लवकर आत्मसात करतात.

यासाठी जास्तीचे तास मागत नाही. रूपांतराच्या उदाहरणांना जेवढे तास दिले जातात, तेवढेच मोजण्यासाठी मिळाले तरी पुरे. साहित्यापैकी दर चार विद्यार्थ्यांमागे एक मोजपात्र, मिलीमीटरच्या स्पष्ट खुणांची एक पट्टी आणि एक तानकाटा एवढे असावे. व्हर्नियर कॅलिपर आणि तराजू आळीपाळीने वापरता येतात. येत्या आवृत्तीच्या मसुद्यात मोजमापाच्या पाठाची पुनर्रचना या दृष्टीने करावी आणि तो मसुदा शिक्षकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा, ही विनंती.

कळावे.

आपला,
विज्ञान शिकवणारा एक शिक्षक